कानपिळ्या

आमच्या दुकानात नंबर पुकारायची पद्धत होती. बाहेर बाकड्यावर आठ-दहा जणं बसलेली, प्रत्येकाच्या हातात पुठ्ठ्याचा बिल्ला, आणि आतून आमचा पोरगा ओरडायचा, "नंबर सतरा!" सतरा नंबर ढिम्म. मग अजून जोरात, "ओ मामा, सतरा!" तरी नाही. मग शेजारचा कुणीतरी त्यांना कोपरानं ढोसायचा, ते दचकून उठायचे आणि चेहऱ्यावर ओशाळं हसू घेऊन आत यायचे, जणू चूक त्यांचीच. हे मी १९९८ पासून २०१९ पर्यंत चालवलं. आणि दुकान कसलं, तर कानाच्या मशीनचं! यात काही चुकतंय असं एकवीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही, आणि मी काय बिनडोक माणूस नाहीये हो, निदान बायको सोडली तर कुणी तसं म्हणत नाही.

सांगलीत मारुती चौकाच्या मागं एका बोळात खाली दुकान, वर घर. लोक डॉक्टर म्हणतात, मी डॉक्टर नाही, डिप्लोमावाला. कान तपासायचा, ग्राफ काढायचा, मशीन बसवायचं, सेल विकायचे. निळ्या स्टिकरचा ६७५ नंबर मोठ्या मशीनला, केशरी स्टिकरचा १३ नंबर जरा छोट्याला, स्टिकर काढला की हवा लागून सेल चालू होतो म्हणून वापरायच्या वेळीच काढा, हे वाक्य मी आयुष्यात किती हजार वेळा म्हटलं असेल देव जाणे. पण माझं खरं कसब मोल्डमध्ये. आधी दोरा लावलेला स्पंजचा बोळा कानात सरकवायचा, मग कणकेसारखा मळलेला मसाला सिरिंजनं भरायचा, आणि तो घट्ट होईपर्यंत रडणारं पोर मांडीत आवळून बसायचं. त्या मापावरून मोल्ड बनून येतो. तो नुसता ढकलून कानात जात नाही, पाळी जरा मागं ओढून पिळत पिळत बसवावा लागतो, आणि नीट नाही बसला तर मशीन शिट्टी मारतं. पोराचा कान वाढतो, मोल्ड सैल होतो, परत शिट्टी, परत माप. त्यामुळं लहान पोरांची घरं माझ्याकडं वर्षानुवर्षं येत राहतात आणि मी त्यांना सल्ले देत राहतो, फुकटात.

बहिऱ्या पोरांच्यात प्रत्येकाला खुणेचं एक नाव असतं. कुणाच्या हनुवटीवर तीळ, कुणाचे केस कुरळे, कुणी सारखा चष्मा वर ढकलतो, त्यावरून. हे नाव स्वतःचं स्वतः घेता येत नाही, त्यांच्यातल्या कुणीतरी द्यावं लागतं. माझं नाव म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट कानाशी न्यायचं आणि पिळायचं. कानपिळ्या. अख्ख्या जिल्ह्यातली बहिरी पोरं मला या नावानं ओळखतात आणि मला ते कळायला वीस वर्षं लागली. बळी तो कान पिळी म्हणतात ते काही खोटं नाही.

(मी 'बहिरा' लिहितोय, काहींना खटकेल. शाळांच्या पाट्यांवर 'मूकबधिर' असतं, सरकारी कागदावर 'कर्णबधिर', भाषणात 'दिव्यांग'. माझ्या ओळखीच्या पोरांना यातल्या 'मूक'चा जाम राग आहे, कारण ते मुके नाहीत, बडबडे आहेत, फक्त हातानं. 'मुकी बिचारी कुणीही हाका' ही म्हण मी एकाला समजावून सांगितली तर तो म्हणाला, म्हणजे आमचीच म्हण आहे की! पण एकमत त्यांच्यातपण नाही. हरियाणाचा पैलवान वीरेंदर सिंग, डेफलिंपिक्समध्ये, म्हणजे बहिऱ्यांच्या ऑलिंपिकमध्ये, सोनं मिळवलेला, २०२१ ला पद्मश्री जाहीर झालेला, त्याला सगळा देश 'गूंगा पहलवान' म्हणतो. आमच्या इथं कुस्ती म्हणजे जीव की प्राण, त्यामुळं दुकानात त्याच्यावरून एकदा चांगलंच वाजलं, एकाचं म्हणणं ही शिवी आहे, दुसऱ्याचं म्हणणं त्यानं शिवीचा किताब करून दाखवला. मी गप बसलो, मला तेव्हा निम्मंच कळत होतं.)

आता ती मुलगी.

२००० साली तासगावकडची एक बाई चार वर्षांची पोरगी घेऊन आली. द्राक्षाच्या बागेत रोजगाराला जाणारी, घरी दोन म्हशी. पोरीचा ग्राफ काढला. ग्राफमध्ये उजव्या कानाला लाल गोल आणि डाव्याला निळी फुली असते, जेवढं खाली तेवढं कमी ऐकू येतं. हिचे गोल आणि फुल्या पार तळाला, ९५ डीबीच्या (डेसिबल, आवाज मोजायचं माप) आसपास. छातीवर पिशवीत अडकवायचं पॉकेट मशीन दिलं, मोल्ड बसवला, पोरगी किंचाळली. मग मी तिच्या आईला माझं ठरलेलं भाषण दिलं. घरात सगळ्यांनी तोंडानं बोलायचं, पोरगीच्या तोंडाकडं बघायचं आणि तिला आपल्या तोंडाकडं बघायला लावायचं. खुणा बिलकुल करायच्या नाहीत. तिनं हातानं पाणी मागितलं तर द्यायचं नाही, 'पाणी' म्हणेपर्यंत द्यायचं नाही. हात उचलला तर हात खाली धरायचा. खुणेची सवय लागली की जीभ आळशी होते.

बाई म्हणाली, "बोलंल न्हवं?"

मी म्हणालो, "तुम्ही हात बांधलेत तर बोलेल."

हे मी मनाचं सांगत नव्हतो. मला असंच शिकवलेलं, शिकवणाऱ्यांना त्यांच्या शिकवणाऱ्यांनी तसंच शिकवलेलं, सगळी भली माणसं, कुणाच्याच पोटात पाप नव्हतं. आमच्या गावाला तसंही बोलण्याचं भारी कौतुक, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं नाटक उभं केलं तेव्हापासून आम्ही नाट्यपंढरी, शेजारी मिरजेत तंबोरे-सतारी बनतात, त्यामुळं तोंडातून सूर न निघणारा माणूस म्हणजे अर्धा माणूस असं कुणी बोलून दाखवत नसलं तरी आत कुठंतरी असतंच.

पोरगीचं बोलणं शिकणं मी जवळून पाहिलं. आरशासमोर बसायचं. 'प' म्हणताना तोंडापुढं धरलेली कागदाची पट्टी हलली पाहिजे, 'ग' म्हणताना गळ्यावर ठेवलेल्या बोटांना थरथर लागली पाहिजे. दीड महिन्यानं ती 'पाणी' म्हणाली. म्हणजे 'पा' आणि पुढं काहीतरी. आम्ही पेढे वाटले. खोटं नाही सांगत, मी स्वतः आणले होते. सहा वर्षांची झाली तेव्हा तिला चाळीसेक शब्द येत होते आणि मी येईल त्याला तिचं उदाहरण द्यायचो.

आता त्याच वयाचं ऐकणारं पोर घ्या. त्याच्याकडं हजारो शब्द असतात, पण शब्द मरू देत, ते दिवसभर जीव खातं. का? आकाश निळं का? आजोबा मेले का? मला शाळेत का पाठवता? मी या पोरीला 'का' विचारताना कधीच पाहिलं नव्हतं. तिला 'का' हा आवाज काढता यायचा, बरं का, 'काका' म्हणायची छान. पण 'का' विचारायचं असतं हे तिला माहीत नाही, अशी माझी समजूत होती, आणि त्याचं मला फार काही वाटतही नव्हतं. वाटायचं, आधी बोलणं येऊ दे, मग भाषा येईलच. बोलणं आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे कान तपासणाऱ्या माणसाला कळू नये म्हणजे कमालच. भाषा पहिल्या चार-पाच वर्षांत डोक्यात जशी रुजते तशी नंतर रुजत नाही, मग ती कानातून येवो नाहीतर डोळ्यांतून, आणि आम्ही ती वर्षं कागदाच्या पट्ट्या हलवण्यात घालवत होतो.

आणि ओठ वाचणं! लोकांना वाटतं बहिरी माणसं ओठ वाचतात म्हणजे पेपर वाचल्यासारखं. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता म्हणून बघा: पापा, बाबा, मामा. तिन्ही सारखे. क, ख, ग, घ तर घशात, बाहेरून दिसतच नाहीत. निम्म्याहून जास्त अंदाजानं भरायचं. त्यात समोरच्याला झुपकेदार मिशा किंवा तोंडात मावा, म्हणजे संपलंच. आपल्याकडं मावा न खाता बोलणारी माणसं किती उरलीत? वर २०२० ला मास्क आले. त्या वर्षी माझ्या दुकानात एक निवृत्त मास्तर अक्षरशः रडले, म्हणाले, सगळं जग तोंड झाकून बसलंय.

तर पुढं पोरगी हॉस्टेलच्या शाळेत गेली, तिथं वर्गात खुणा बंद आणि मैदानात, जेवणात, रात्री झोपायच्या खोलीत नुसत्या खुणाच खुणा. तिथं ती फुलली म्हणतात. मला ते बिघडणं वाटलं होतं. मशीन वापरेनाशी झाली, कानात दुखतं म्हणे. मी तिच्या आईवर चिडलो पण.

२०१८ ला तिचं लग्न ठरलं. मुलगा पण बहिरा, कुपवाड एमआयडीसीत लेथवर कामाला, आणि घर कुठं, तर आमच्याच बोळात, समोर. आईबाप मला विचारायला आले तर मी तोंड वाकडं केलं. दोघं बहिरे, मूल तसंच झालं तर? जरा थांबा, एखादा ऐकणारा गरीब घरचा बघू. नंतर कळलं की असा सल्ला देणारा मी पहिला नव्हे, टेलिफोनवाला ग्रॅहम बेल १८८३ साली अमेरिकेत मोठ्या विद्वानांपुढं निबंध वाचून गेलाय की बहिऱ्यांनी आपापसात लग्नं केली तर बहिरी जातच तयार होईल. आणि त्याची आई बहिरी, बायको बहिरी! असो. माणसाचं काय सांगावं. शास्त्र पण माझ्या बाजूनं नव्हतं, कारण बहिरेपणाचे जीन कितीतरी वेगवेगळे असतात, आईचा एक आणि बापाचा दुसराच असला तर मूल ऐकणारं होतं, आणि बहुतेक बहिऱ्या जोडप्यांना ऐकणारीच मुलं होतात. उलट आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न करून धडधडीत ऐकणाऱ्या जोडप्यांना जी बहिरी पोरं झाली त्यांचे मोल्ड मी ढिगानं बनवलेत, तेव्हा कुणी मला विचारायला आलं नव्हतं आणि मीही जाऊन सांगितलं नव्हतं.

लग्न झालं. मी जेवून आलो. पुढचं वर्षभर समोरासमोर राहून आमचं नातं म्हणजे मान हलवणं.

मग २०१९ चा ऑगस्ट. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० फुटांवर इशारा आणि ४५ वर धोका, हे सांगलीतल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. भोंगा लावलेली गाडी फिरत होती पण पावसात काय बोलते कळत नव्हतं, आम्ही २००५ च्या पुराच्या हिशेबानं बसलो की दुकानात गुडघाभर येईल आणि जाईल. दुकान बुडालं. आम्ही दोघं वर गच्चीत अडकलो, लाईट नाही, मोबाईल मेलेले, खाली बोळाची नदी झालेली. समोरच्या गच्चीत ते दोघं.

सगळी गल्ली ओरडत होती. "ओ बोटवालेऽऽ!" पाऊस, पाणी, लांब कुठंतरी इंजिनाचा आवाज, कुणाचं कुणाला कळत नव्हतं, दुसऱ्या दिवशी निम्म्या माणसांचे घसे बसले. माझ्या बायकोच्या बीपीच्या गोळ्या खाली दुकानाच्या गल्ल्यात राहिलेल्या. आम्ही पण ओरडलो. शेवटी बायकोनं काय केलं, दंडाला पट्टा गुंडाळल्यासारखं केलं, पंपानं फुगवल्यासारखं केलं, आणि बोटांनी गोळी तोंडात टाकली. समोरच्या पोरानं बघितलं, मान हलवली, आणि पाठ फिरवून चार घरं पलीकडच्या गच्चीकडं हात केले. तिथं त्याचा एक मित्र अडकला होता. त्या मित्राला मेन रोडचा कोपरा दिसायचा जिथं बोट येत होती. संध्याकाळी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारलेल्या गोळ्या आल्या. नाव बरोबर, पॉवर बरोबर. आमच्याकडून गोळीचं नाव त्यांनी पाटीवर लिहून घेतलं होतं आणि पुढं एकेक अक्षर बोटांवर गेलं. तीन गच्च्या ओलांडून, पाण्यावरून, भर पावसात, आवाज न करता.

पण गोळ्यांचं जाऊ दे. मला जे लागलं ते रात्रीचं. अंधारात ती नवऱ्याच्या हातांवर टॉर्च धरायची आणि तो पलीकडच्या मित्राशी बोलायचा, मग पलीकडून टॉर्च लागायचा आणि त्याचे हात दिसायचे. आणि ते निरोप नव्हते हो, गप्पा होत्या! लांबलचक. मध्येच तिघं हसायचे, पोट धरून. आम्ही बाकीचे शहाणे, घसे बसलेले, अंधारात आपापल्या गच्चीवर एकटे. माझ्या डायरीत ९५ डीबी म्हणून नोंद असलेली पोरगी शंभर फुटांवरच्या माणसाशी रात्री अकराला चेष्टा करत होती आणि चेष्टेतला माणूस बहुधा मीच होतो, कारण मध्ये मध्ये कानाशी बोटं जात होती. तेव्हा मला माझं नाव पहिल्यांदा दिसलं. अर्थ नंतर विचारून घेतला.

पाणी उतरल्यावर ऑडिओमीटर गेलेला, मशीनचा माल गेलेला, पण वरच्या फळीवरच्या डायऱ्या नुसत्या भिजल्या होत्या. ऊन पडलं तसं गच्चीवर पसरल्या आणि पानं चिकटू नयेत म्हणून एकेक उलटत बसलो. वीस वर्षांचं लिखाण. रकाने असे: नाव, गाव, वय, उजवा, डावा, मशीन, बाकी. बाकी म्हणजे उधारी. कुणाला किती ऐकू येत नाही आणि कुणाकडून किती यायचेत, एवढंच मी लिहून ठेवलेलं. हे पोर घरात बोलतं कसं, कुणाशी, काय विचारतं, याला रकानाच नाही. आणि खुणा केल्यामुळं ज्याचं बोलणं मागं पडलं असं एकतरी पोर सापडतंय का म्हणून मी शोधलं. एकही नाव पुराव्यानं सांगता येईना. उलटी नावं मात्र दिसत गेली, हात बांधलेली, आणि बोलणं तर आलंच नाही अशी.

मग मी शिकायला लागलो. कुपवाडहून पाळी सुटली की तो पोरगा दुकानात यायचा, मी चहा-भडंग मागवायचो, तो शिकवायचा. पन्नाशीतल्या माणसाची बोटं म्हणजे वाळलेल्या शेंगा. मुळाक्षरं दोन हातांची, इंग्रजी, त्यात ए-ई-आय-ओ-यू हे पाच स्वर म्हणजे डाव्या हाताची पाच बोटं, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत एकेकाच्या टोकाला हात लावायचा. बाई म्हणजे नाकातली चमकी, पुरुष म्हणजे मिशी. इथपर्यंत सोपं वाटलं, म्हटलं हे तर आपलं दमशेराज. मग व्याकरण आलं आणि माझी जिरली. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी, नकार पण शेवटी. 'देणे' याची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडं सरकते, त्यामुळं मी, तू, त्यानं, तिला हे वेगळं सांगावंच लागत नाही, हवेत माणसं बसवून ठेवायची आणि क्रियापद त्यांच्यामधून फिरवायचं. आणि चेहरा! मी सभ्य माणसासारखा चेहरा ठेवून विचारायचो, तो म्हणायचा हा प्रश्नच नाही, भुवया कुठायत? माझे हात मराठी बोलत होते आणि तोंडाला इस्त्री केलेली होती. अमेरिकेत विल्यम स्टोको नावाच्या प्राध्यापकानं १९६० ला तिथल्या खुणांचा अभ्यास करून दाखवलं की ही पुरी भाषा आहे. आपल्याकडं १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ, जे स्वतः बधिर, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूर इथल्या खुणा तपासल्या, शब्द थोडे वेगळे पण व्याकरण एकच निघालं. म्हणजे सांगलीचा बहिरा कोलकात्यात गेला तर अर्ध्या तासात गप्पांना लागतो आणि मला तिथं चहा मागायला मोडकं हिंदी लागतं.

समोरच्या त्या पोरानंच मला मिलान सांगितलं. आपल्याला कसं पानिपत १७६१ पाठ असतं तसं यांना मिलान १८८० पाठ. इटलीत बहिऱ्यांच्या शिक्षणावर परिषद भरली, १६४ प्रतिनिधी, त्यांत बहिरा एक, आणि ठराव झाला की शाळांत तोंडी बोलणंच वरचढ, खुणा नकोत. त्याआधी शंभर वर्षांपासून पॅरिसला खुणांतून शिकवणारी शाळा होती, बहिरे शिक्षक होते, त्यांच्या नोकऱ्या गेल्या. मग २०१० ला कॅनडात व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं तो ठराव मोडीत काढला आणि खेद व्यक्त केला. १३० वर्षांनी. मी मनात हिशेब केला. २००० साली तासगावच्या त्या बाईला मी दिलेलं भाषण मिलानहून निघालेलं पार्सल होतं, हातोहात फिरत माझ्या बोळात आलेलं, आणि मी ते न फोडता पुढं दिलं.

आता सगळं बदललंय अशातला भाग नाही. दिल्लीत २०१५ ला सांकेतिक भाषेचं सरकारी केंद्र निघालं, २०१८ ला त्यांचा पहिला शब्दकोश आला तो ३,००० शब्दांचा, २०२१ ला १०,००० झाले, मी त्याचे व्हिडिओ रोज बघतो. २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या बधिर वकील सुप्रीम कोर्टात दुभाष्याच्या मदतीनं उभ्या राहिल्या, तो व्हिडिओ आमच्या बोळात त्यानं मला चार वेळा दाखवला. पण तासगाव-विटा-जतला पोर बहिरं निघालं तर आईबापाला खुणा शिकवणारं माणूस शोधून सापडत नाही. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यातलं 'दोन्ही कानांना ७० डीबी म्हणजे बधिर' हे कलम मला तोंडपाठ, सर्टिफिकेटला लागतं ना. त्याच कायद्यात सांकेतिक भाषा येणारे शिक्षक तयार करा असंही लिहिलंय. ते पान मी कधी उलटलं नव्हतं.

२०२२ ला ती दोघं दहा महिन्यांची पोर घेऊन दुकानात आली. बेरा टेस्टचा, म्हणजे तान्ह्या पोराला ऐकू येतं का ते बघायच्या तपासणीचा, रिपोर्ट घेऊन. पोर पण बहिरी. माझ्या तोंडातून 'अरेरे' गेलं, आवाज त्यांना ऐकू गेला नाही पण चेहरा दिसला, आणि चेहरा म्हणजे तिकडं वाक्यच. ती म्हणाली, काय झालं? मी काहीतरी सारवासारव करत होतो तेवढ्यात आईच्या मांडीवरच्या त्या पोरीनं मूठ दोनदा उघडझाप केली, दूध पिळल्यासारखी. दूध. पदराखाली घेतलं, पिऊन झालं, तोंड वर काढलं आणि परत मूठ. अजून. मी वीस वर्षं चार-चार वर्षांची पोरं बघितलीत ज्यांच्या तोंडातून 'पाणी' निघालं म्हणून पेढे वाटले. आणि हे दहा महिन्यांचं बोचकं माझ्यासमोर मागून घेत होतं.

ती कॉक्लिअरचं विचारायला आली होती, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत तार घालतात आणि बाहेरून मशीन लावतात ते. आता इथं माझं आणि तिच्या मित्रमंडळींचं जमत नाही. त्यांच्यातले काहीजण म्हणतात, आम्ही आजारी नाही, पोराच्या डोक्यात तार कशाला घालता. मी म्हणतो, लहानपणी ऑपरेशन झालेली, पुढं नेटानं थेरपी केलेली, फोनवर बोलणारी पोरं मी बघितलीत, ते काही थोतांड नाही. पण हेही बघितलंय की ऑपरेशन झालं, सत्कार झाला, फोटो छापला, मग थेरपीला दर आठवड्याला शहरात यायला एसटीचं भाडं नाही, वायर तुटली, पार्ट महाग, आणि पोराकडं ना बोलणं ना खुणा. त्यामुळं आता मी एवढंच सांगतो की तार घालायची तर घाला, लवकर घाला, पण हात मोकळे ठेवा. रात्री झोपताना आणि अंघोळ करताना मशीन काढून ठेवावं लागतं, हात काढून ठेवता येत नाहीत. त्यांनी काय ठरवलं ते इथं लिहिणार नाही, तो त्यांचा मामला.

पोर आता तीन-साडेतीन वर्षांची आहे. दुकानात येते आणि जीव खाते. का? हे काय? लाल का? तुझे केस पांढरे का? मी चुकीची खूण केली तर मला थांबवते आणि सावकाश, मोठ्ठी करून परत दाखवते, जसं मी म्हाताऱ्यांशी मोठ्यानं तुटक बोलतो ना तसंच. बिल्ले आणि ओरडणं बंद झालंय, भिंतीवर लाल आकड्यांचा बोर्ड आहे. डायरीत रकाना वाढवलाय, 'घरात बोलणं कसं'.

गेल्या महिन्यात तासगावहून तिची आजी आली, म्हणजे ती २००० सालची बाई. नातीला भेटायला आलेली, जाता जाता दुकानात डोकावली. तिला आता स्वतःलाच कमी ऐकू येतं, तिचा ग्राफ मीच काढलाय. मी तिला बसवलं, चहा सांगितला आणि बरेच दिवस घशात अडकलेलं बोललो. म्हटलं, मावशी, तेव्हा मी तुम्हाला हात बांधायला सांगितलं ते चुकीचं होतं. पोरीला खुणा करू द्यायला पाहिजे होत्या.

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं ऐकू नाही आलं, मोठ्यानं परत म्हटलं.

"आवं ऐकलं की," ती म्हणाली. "कोण बांधून ठेवतंय हात? तुमच्याम्होरं न्हाई करायचो. घरात सासूम्होरं बी न्हाई. गोठ्यात करायचो आमी दोघी. धारा काढताना."

मी म्हटलं, काय करायचात?

"समदंच. म्हस, रेडकू, बा आला, पाऊस येतोय. सारखी इचारायची, ह्ये का, त्ये का. रेडकू न्हेलं बाजाराला तर आठ दिस माझं डोस्कं खाल्लं, का न्हेलं, का न्हेलं." आणि तिनं 'का'ची खूण करून दाखवली, तळहात उताणा, हनुवटी वर. शब्दकोशात नाही अशी. गोठ्यातली.

मग तिनं हात कानाशी नेला आणि कान पिळला. मी म्हटलं, हे माझं नाव तुम्हाला कसं माहीत? तर हसायलाच लागली. म्हणाली, पहिल्यांदा मोल्ड बसवून एसटीनं घरी चाललो होतो, खिडकीपाशी बसलेली, कान लालभडक, आणि पोरीनं मला असं केलं. कान पिळणारा. आणि मग हात उताणा. का?

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"काय सांगायचं आता," बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्हनलं, त्येला त्येवढंच येतंय."

मग कमरेच्या पिशवीतनं घडी घातलेल्या नोटा काढल्या आणि सेलचं पाकीट मागितलं. केशरी स्टिकरचं.